भोंग्याच्या बायकोचा स्टिरिओ

तिच्या कानांना सगळ्यात आधी सोडून गेली ती दाराची घंटा. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती आणि डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर तिची बारा वर्षं भरली होती. नणंद भेटायला आली, घंटा दाबून दाबून कंटाळली आणि दारातूनच परत गेली. "आत होती, मुद्दाम उघडलं नाही," हे नणंदेचं म्हणणं पुढे वर्षभर पाहुण्यारावळ्यांत फिरत राहिलं. घंटा बिघडली असेल म्हणून हिने नवीन घंटा बसवून घेतली. नवीनही तशीच मुकी निघाली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला की बिघाड घंटेत नाही.

प्रेस म्हणजे माणसाच्या दीडपट उंचीचं यंत्र. पत्र्याचा तुकडा सरकवायचा, पायाखालची पट्टी दाबायची, वरून लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो आणि झाकण पडतं. पुन्हा तुकडा, पुन्हा पट्टी. एका शेडमध्ये अशी चौदा यंत्रं आणि वर पत्र्याचं छप्पर. तिथे बायका बोलत नसत, खुणा करत. दोन बोटं ओठांशी नेली की चहा, मनगटावर टिचकी मारली की किती वाजले, गाल फुगवले की फोरमन येतोय. नवीन आलेली बाई पहिले आठ दिवस डोकं धरून बसायची, मग म्हणायची, झाली सवय. सवय झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे तिला कोणी सांगत नसे.

वर्षातून एकदा तपासणी व्हायची. कंपनीने पाठवलेला माणूस टेबलामागे बसून हातातली छोटी घंटी हलवायचा आणि विचारायचा, "ऐकू येतं ना?" घंटी हलताना दिसतच असे. बायका मान डोलवायच्या, तो कागदावर बरोबरची खूण करायचा. हीसुद्धा मान डोलवायची. नाही म्हणाली असती तर प्रेसवरून काढून झाडलोटीला लावली असती, आणि झाडलोटीच्या पगारात घर चालत नव्हतं. पुढे कधी कारखान्याला शिव्या द्याव्यात असं वाटलं की ते मान डोलावणं तिला आठवायचं आणि शिवी घशातच राहायची.

घंटेनंतर पाखरं गेली. चमच्यांचा किणकिणाट गेला, नळाची सळसळ गेली. कितीदा बादली भरून पाणी घरभर झालं. आणि मग मुलीचा आवाज गेला. मुलगी चौदा वर्षांची, आवाज बारीक, बोलणं भरभर. तो आवाज एका दिवसात गेला नाही. आधी शब्दांच्या कडा झिजल्या, 'सात' आणि 'हात' एकच वाटायला लागले. मग शब्दच झिजले आणि उरली नुसती हलणारी जिवणी. मुलगी ओरडून बोलायला लागली. ओरडणारा चेहरा रागावलेलाच दिसतो. ही शब्दांना नाही, त्या चेहऱ्याला उत्तर द्यायची. "माझ्यावर डोळे वटारू नकोस, सांगून ठेवते!" आणि मुलीने बिचारीने दूध उतू चाललंय एवढंच सांगितलेलं असायचं. हळूहळू दोघींनी बोलणं कामापुरतं ठेवलं. लग्न होऊन मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. निघताना ती आईच्या गळ्यात पडून बराच वेळ काहीतरी बोलत होती. काय बोलली ते आईने कधी विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.

कानातलं यंत्रही मिळालं होतं, सरकारी दवाखान्यातून. ते घातलं की जगातली सगळी भांडी एकदम जमिनीवर आपटायची. आवाज यायचा, बोलणं यायचं नाही. तीन आठवड्यांत ते खणात गेलं आणि खणातच राहिलं.

मागे उरला एकच आवाज, नवऱ्याचा.

नवरा साउंड सिस्टिम भाड्याने देणाऱ्या एका मालकाकडे कामाला होता. सभा, संमेलनं, लग्नं, क्रीडास्पर्धा, जिथे म्हणून मोठे स्पीकर लागत तिथे ते टेम्पोतून उतरवायचे, रचायचे, वायरी जोडायच्या, कार्यक्रम संपला की पुन्हा गुंडाळायचं. तीस वर्षं हेच केलं. त्याचा स्वतःचा आवाज असा की मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारली तर तो धावत यायचा. माइक बंद पडला की मालक म्हणायचा, "भोंग्याला उभा करा रे!" तेच नाव पडलं. घरच्या पत्त्यावर कागद आला तर पोस्टमनसुद्धा विचारायचा, भोंग्याचं घर हेच ना?

तो आवाज पोटाच्या तळातून यायचा आणि घरात त्याचा उपयोग प्रेमाच्या गोष्टींसाठी फारसा झाला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी तोच, टॉवेल जागेवर नसला तरी तोच. हात त्याने कधी उचलला नाही. गरजच पडली नाही. लग्नानंतरची वीस वर्षं ती त्या आवाजाला दचकत आली. देवा, याचा आवाज एकदा बंद कर, असं ती मोरीत भांडी घासताना कितीदा म्हणाली असेल त्याला गणती नाही. आणि झालं काय, तर बाकीचे सगळे आवाज एकेक करून घर सोडून गेले आणि हा तेवढा ठाण मांडून बसला.

पण मग दिवस असे आले की जग तिच्यापर्यंत पोचायचं ते त्याच आवाजातून. "अगं, दूधवाला आलाय, बहिरे!" "अगं, पोरीचा फोन होता, तिला दिवस गेलेत." "अगं, खालचे शिंपी विचारतायत, तुझा ब्लाउज तयार आहे, नेणार आहेस की त्यांनी घालायचा?" सगळं एकाच खेकसण्याच्या सुरात, शुभवार्ता असो की टोमणा. ती त्यावर हसायलाही शिकली. हे प्रेम आहे की नाही याचा विचार करायला तिला कधी सवड मिळाली नाही.

त्याचा घसा बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ओरडून बसला असेल. त्याने मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, दोन महिने हळद खाल्ली. तिला तर ते आधी कळलंच नाही; तिला वाटलं आपलेच कान आणखी गेले. मोठ्या दवाखान्यात जाईपर्यंत उशीर झाला होता. गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलेलं मुलीने एका कागदावर लिहून आईच्या हातात दिलं. "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण बाबा पुन्हा बोलणार नाहीत." तिने तो कागद दोनदा वाचला. नवऱ्याचं काय होणार, हे तिच्या मनात आधी यायला हवं होतं. आधी आलं ते वेगळंच. आता माझ्याशी कोण बोलणार? आणि पाठोपाठ मोरीतली ती प्रार्थना आठवली, आणि दवाखान्याच्या बाकावर तिने कागदाची घडी करून ती पिशवीच्या तळाशी घातली.

तो घरी आला तो गळ्याच्या खालच्या खाचेत भोक घेऊन. श्वास तिथूनच घ्यायचा, खोकलाही तिथूनच यायचा. त्यावर पातळ जाळीचं कापड बांधलेलं. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. तिला बोलवायला तो ताटावर चमचा आपटायचा. तिला तो ऐकू यायचा नाही. मग तो तोंड उघडून ओरडायचा. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ, आणि आवाज शून्य. ती ओठ वाचायला शिकली होती, पण त्याची मिशी एवढी दाट की वरचा ओठ दिसायचाच नाही. "काय म्हणताय? लिहून द्या ना!" ती म्हणायची. त्याने वही भिंतीवर फेकली. त्याला लिहायचं नव्हतं, ओरडायचं होतं.

एके सकाळी तो मोरीतून बाहेर आला तो मिशी काढून. तीस वर्षांत तिने त्याचा वरचा ओठ पाहिला नव्हता. पातळ होता, एका बाजूला जुना व्रण होता, आणि त्यामुळे सगळा चेहराच कोणा अनोळखी, घाबरट माणसाचा वाटत होता. तो तिच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि सावकाश ओठ हलवले.

"आता दिसतं?"

"दिसतं," ती म्हणाली.

"मग चहा दे."

त्यापुढे त्या घरात बोलणं सुरू झालं.

शेजारच्या खोलीत एक सलूनवाला राहायला आला होता. त्याची सुट्टी सोमवारी. एका सोमवारी दुपारी कामावरून आल्यावर ही कपड्यांच्या घड्या घालत होती आणि एकदम थांबली. भिंतीतून काहीतरी येत होतं. प्रेससारखी नुसती धडधड नव्हती. ते खाली जात होतं, वर येत होतं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होत होतं. घडी अर्धवट टाकून ती भिंतीपाशी गेली.

नवऱ्याने खुर्चीतून खूण केली, काय झालं?

"गाणं," ती म्हणाली. "अहो, गाणं लागलंय."

त्याला अख्खं गाणं ऐकू येत होतं. त्याने तोंड वाकडं केलं. "फालतू गाणं आहे," त्याचे ओठ म्हणाले. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकला. "तुला त्यातलं काय ऐकू येतंय?"

तिने गुणगुणून दाखवलं. बहिऱ्या माणसाचं गुणगुणणं, बेसूर आणि नको तेवढं मोठं. पण तीस वर्षं स्पीकर वाहिलेल्या माणसाला ते लगेच कळलं. गाण्याच्या तळाशी बेस गिटार जी चाल वाजवत होती ती तिने बरोबर धरली होती, एकही ठोका न सोडता.

"आणि बाई? ती काय गातेय?"

"बाई गातेय त्यात?" तिने विचारलं.

तो खुर्चीत मागे टेकला. सलूनवाल्याची सुट्टी संपेपर्यंत ती भिंतीला चिकटून उभी होती. नऊ वर्षांनी तिने गाणं ऐकलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या घरचं.

दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं की आपल्याला स्टिरिओ घ्यायचा आहे. मालकाने नोकरीचा निरोप देताना दिलेलं एक पाकीट कपाटात होतं, त्यात बसेल असा. तिने फोनवर मुलीला सांगितलं आणि फोन त्याच्या कानाला लावला. "बहिरीला स्टिरिओ?" मुलगी म्हणाली. त्याला उत्तर देता येत नव्हतं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

पहिलं दुकान झकपक होतं. विकणाऱ्याने काचेच्या टेबलावर प्लास्टिकचा एक काळा खोका मांडला. त्याच्या पुढच्या बाजूला निळे-लाल दिवे नाचत होते. "मावशी, हजार वॉट! बेस असा की छातीत धडधडेल!" नवऱ्याने खोका उलटा केला, मागची पट्टी वाचली, बोटाच्या पेराने प्लास्टिकवर दोन टिचक्या मारल्या आणि वहीत लिहिलं, "मागे पंचवीस लिहिलंय. बाकीचे नऊशे पंचाहत्तर कुठे ठेवलेत?" विकणारा ओशाळला. तरी त्याने गाणं लावलं. तिने मन लावून ऐकलं.

"दिवे छान आहेत," ती म्हणाली. "पण आत एकच ठोका आहे. धप, धप, धप. चाल नाही."

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती त्याच्याबरोबर तीस वर्षं टेम्पोवर होती. पोकळ, पातळ खोक्याची खोड तीच असते. खालचा प्रत्येक सूर एकाच सुरात ओरडतो. लोकांना वाटतं, वा, काय बेस आहे. वरच्या आवाजांच्या गर्दीत ती लबाडी खपून जाते. हिच्या कानांत गर्दीच नव्हती. हिला फसवणं शक्य नव्हतं.

पंधरा दिवसांत चार दुकानं झाली. एकात टीव्हीखाली ठेवायची पट्टी, पट्टीत अंगठ्याएवढे स्पीकर. तिला काहीच आलं नाही. एकात भलामोठा वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, आणि बाजूला दोन चिमुकले. त्यात बेस होता पण सैल, ठोका संपला तरी शेपूट वळवळत राहायचं. दर दोन गल्ल्यांमागे नवरा थांबायचा, गळ्याच्या जाळीवर हात ठेवून श्वास जमवायचा. ती म्हणायची, "राहू द्या हो, नाही मिळालं तर नाही." तो ओठही हलवायचा नाही, नुसता पुढे चालायला लागायचा.

चौथ्या दुकानात मालक नोकराकडे तोंड वळवून म्हणाला, "बहिरी गिऱ्हाईक आणि मुका पारखी, काय दिवस उजाडलाय!" पण तोंड पुरेसं वळवलं नव्हतं.

"ते मुके आहेत, पण त्यांना ऐकू येतं," ती म्हणाली, तिच्या त्या न मोजलेल्या मोठ्या आवाजात. "मला ऐकू येत नाही, पण दिसतं." सगळं दुकान वळून बघायला लागलं. नवऱ्याने तिचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. रस्त्यावर त्याचे खांदे हलत होते. तिला वाटलं धाप लागली; तो हसत होता.

शेवटी तो तिला त्याच्या जुन्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. जिन्याखालची खोली, तारा जोडायच्या डाखाचा वास, छतापर्यंत उघडी यंत्रं. "ये भोंग्या!" दुरुस्तीवाला म्हणाला आणि गळ्याकडे नजर जाताच त्याने स्टूल पुढे सरकवलं. त्याच्याकडे लाकडी पेट्यांची एक जोडी पडून होती. कमरेएवढ्या उंच, जाड फळ्यांच्या, प्रत्येकीत आठ इंचांचा वूफर. एकीच्या वूफरची फोमची कड शाबूत होती. दुसरीत कागदी शंकूभोवतीचं फोम कुजून भुगा झाला होता. बरोबर एक जुना अ‍ॅम्प्लिफायर, तीस-तीस वॉटचा, पण इतका जड की उचलताना दुरुस्तीवाल्याच्या तोंडून हुंकार निघाला. "वजन खोटं बोलत नाही, वहिनी," तो तिच्याकडे तोंड करून म्हणाला.

शाबूत पेटी लावली. ती समोर बसली, हात गुडघ्यांवर. गाणं सुरू झालं तशी तिची बोटं गुडघ्यांवर हलायला लागली, चाल खाली गेली की करंगळीकडे, वर आली की अंगठ्याकडे. नवरा पेटीकडे बघतच नव्हता. तो तिच्या बोटांकडे बघत होता. गाणं संपल्यावर त्याने वही काढली नाही. नुसती मान हलवली, हे घ्यायचं.

कुजलेली कड त्याने घरी स्वतः बदलली. दुरुस्तीवाला करून देतो म्हणत होता, पण याला करायचं होतं. जुना भुगा खरवडला, कड स्पिरिटने पुसली, नवं फोम चिकटवलं. गोंदाचा दर्प थेट गळ्याच्या भोकातून आत जायचा. तो दर पाच मिनिटांनी खोकत बाहेरच्या गॅलरीत जायचा, जाळी बदलायचा, पुन्हा येऊन बसायचा. चार बोटांनी तो शंकू हलकेच आत दाबायचा आणि कान लावायचा. कुठे घासत असेल तर खरखर येते. ती बॅटरी धरून शेजारी बसली होती. तिला ना खरखर ऐकू येणार होती ना त्याचा खोकला. एवढी निगुती त्याने संसारात दुसऱ्या कशाची केल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि हे मनात आल्यावर तिला जरा रागही आला.

मग पेट्या मांडल्या. कोपऱ्यात ठेवल्या तर बेस फुगतो, फार पुढे आणल्या तर वाळतो. तिला स्टुलावर बसवून त्याने पेट्या वीतवीत सरकवल्या. ती "थोडं मागं, अजून थोडं, बस" म्हणत गेली. खालच्या शिंप्यांना त्रास नको म्हणून प्रत्येक पेटीखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे घातले.

दुपारची चार ते पाच ही वेळ ठरली. ती कारखान्यातून साडेतीनला यायची. तो गाणं लावायचा आणि तिच्यासमोर बसायचा. तिला गाण्याचा तळ ऐकू यायचा, आणि वरचे शब्द तो ओठांनी सांगायचा, ओळीमागून ओळ, गाण्याच्या तालात. आवाज नसलेला माणूस गात होता आणि कान नसलेली बाई ऐकत होती. सलूनवाला एकदा उघड्या दारातून हे बघून आत न येताच परत गेला.

पाच महिने हे चाललं. मग रोग फुप्फुसात उतरला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्याने तिला सांगितलं ते एवढंच, "बटण बाराच्या पुढे नेऊ नकोस. पुढे अ‍ॅम्प रडतो." बारा म्हणजे घड्याळातले बारा, बटणाची खूण सरळ वर. त्यानंतर दोन दिवस त्याचे ओठ हलत होते, पण त्यांतून शब्द बनत नव्हते. ती खाटेजवळ वाकून बघत बसली. नर्सने खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिला कळलं.

तिने स्टिरिओ महिनाभर लावला नाही. मग लावला. शब्द सांगणारं कोणी नव्हतं, तरी तळ होता, तेवढा पुरत होता. बटण बारावर होतं. उन्हाळ्यात तिला वाटलं, पंखा चालू असतो म्हणून कमी येतं. तिने ते एकवर नेलं. पावसाळ्यात दोनवर. खालचे शिंपी एकदा वर आले, त्यांच्या छताचा पंखा हलत होता. तिने हात जोडून सांगितलं, चार ते पाच, तेवढाच एक तास. शिंप्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी तक्रार केली नाही. मुलगी रविवारी यायची. एकदा तिने मोबाइलवर लिहून दाखवलं, "आई, आवाज फाटतोय." ती म्हणाली, "तुला काय कळतं बेसमधलं? तुझ्या बापाने लावून दिलाय."

आणि एका बुधवारी चार वाजता तिने बटण दाबलं, तांबडा दिवा लागला आणि काहीच आलं नाही.

तिने बटण तीनवर नेलं, चारवर नेलं. काही नाही. ती स्टुलावर बसून राहिली. पेटीचा शंकू हाताच्या अंतरावर होता. त्यावर तळवा ठेवला असता तर लगेच कळलं असतं. शंकू थरथरत असेल तर स्टिरिओ चालू आहे आणि गेले ते कान. तिने हात लावला नाही. गुरुवारी पुन्हा चारला दिवा लावला, तासभर बसली, पाचला बंद केला. गुरुवारीही हात लावला नाही. कारखान्यात तिच्या हातून तीन झाकणं तिरकी पडली.

शुक्रवारी तिने डोळे मिटून तळवा शंकूवर टेकवला. शंकू गार होता, निपचित होता. दुसरा पाहिला, तोही तसाच. ती मोठ्याने हसली. स्टिरिओ बिघडला होता, कान शाबूत होते! तिने मुलीला ताबडतोब ये म्हणून कळवलं, आणि दोघी पेट्या आणि अ‍ॅम्प्लिफायर टॅक्सीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

त्याने मागची फळी काढली आणि नाक मुरडलं. जळका वास मुलीलाही आला. वरच्या सुरांचे छोटे स्पीकर तर कधीच जळून गेले होते, त्याचा तिला पत्ताच लागला नव्हता. मग वूफरची तार जळली, पाठोपाठ अ‍ॅम्प्लिफायरचा आतला भाग.

"वहिनी, बटण कितीवर होतं?"

तिने हाताने दाखवलं. तीन, कधी साडेतीन.

तो मुलीकडे वळला. "एवढ्या आवाजात माणूस खोलीत थांबूच शकत नाही. खाली कोणी राहतं का?" मुलगी म्हणाली, शिंपी राहतात, जिन्यात भेटले होते. पावसाळ्यापासून ते चार ते पाच घराबाहेर फिरायला जातात, पाऊस असला तरी छत्री घेऊन. बापाला ओळखत होते, म्हणून काही म्हणाले नाहीत. हे सगळं मुलगी दुरुस्तीवाल्याला सांगत होती, आणि आई तिच्या ओठांवरून वाचत होती.

कानाच्या डॉक्टरांकडे मुलगीच घेऊन गेली. कागदावरच्या आलेखात उजवीकडची, वरच्या सुरांची रेघ पूर्वीच तळाला गेलेली. आता डावीकडची, खालच्या सुरांचीही, घसरली होती. "रोज एक तास, एवढ्या आवाजात?" डॉक्टरांनी विचारलं. "थोडं वयाने, थोडं कारखान्याने. पण जे शिल्लक होतं ते तुम्ही यात घालवलंत, बाई."

"शिल्लक ठेवून काय करणार होते?" ती म्हणाली. डॉक्टरांनी आलेख घडी करून मुलीच्या हातात दिला.

दुरुस्तीवाल्याने जोडी नीट करून दिली आणि बटणाच्या आड एक स्क्रू बसवला, बाराच्या पुढे ते फिरूच नये म्हणून. बारावर तिला अगदी थोडं यायचं, थंडीच्या दिवसांत तेवढंही नाही. पुढच्या वर्षी कारखान्यातून ती निवृत्त झाली आणि मुलीने आग्रह धरला की आता एकटं राहायचं नाही. सामान बांधताना वायरी तिने स्वतः गुंडाळल्या, हात आणि कोपर यांच्यामध्ये, नवरा गुंडाळायचा तशा. शिंपी दारापर्यंत आले आणि ती जिना उतरेपर्यंत उभे राहिले.

पेट्या आता मुलीच्या बाहेरच्या खोलीत आहेत. संध्याकाळी जावई त्यांवर बातम्या ऐकतो. ती भाजी निवडत समोर बसते.

"बातम्यांना एवढा वूफर कशाला लागतो?" ती एकदा म्हणाली.

मुलीने काहीतरी उत्तर दिलं. आई भाजीकडे बघत होती.